गरम झाल्यावर किती?

जुनी गाडी घेतली तेव्हा डॅशबोर्डवरच्या चित्रांपैकी मला दोनच ओळखू यायची, पेट्रोलचा पंप आणि पट्टा लावलेला माणूस. बाकीची किल्ली फिरवली की एकदम उजळायची आणि इंजिन सुरू झालं की विझायची. त्यांच्यातच लांब चोचीची, थेंब गळणारी तेलाची झारी होती. आंबा घाट चढून गाडी वर आली, गावात एसटी आडवी लागली म्हणून थांबले, आणि ती झारी लाल होऊन लुकलुकायला लागली. ॲक्सिलरेटरवर जरा पाय ठेवला की विझायची, पाय काढला की पुन्हा सुरू.

गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. चहाच्या टपरीवरचा पोरगा माझ्याआधी बॉनेटपाशी पोचला. ऑइलची पट्टी त्याने काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढून मला दाखवली. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळच, काळं तेल चमकत होतं. “ऑइल हाय की मावशी,” तो म्हणाला आणि त्याच्यापुरता प्रश्न संपला. माझा तिथून सुरू झाला. तेल आहे, आणि तेलाचा दिवाही लागतोय.

मग फोन. दीर म्हणाले, “वहिनी, सेन्सर असतो हो, दोनशे रुपयांचा. बिनधास्त चालवा.” बँकेतल्या सहकाऱ्याने सांगितलं, मलकापुरात थांबून घट्ट ऑइल ओतून घ्या, दिवा जाईल. पुण्याच्या मामेभावाने आवाज खाली आणून “हाफ इंजिनचं काम निघालं बघ” असं सांगितलं आणि त्याच्या मित्राला किती खर्च आला तो आकडाही सांगितला. दोनशे रुपये ते चाळीस हजार, आणि बोलताना कुणाच्याही आवाजात तसूभर शंका नव्हती. शेवटी सहकाऱ्याने दिलेल्या नंबरावर कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका मिस्त्रींना लावला. त्यांनी उपाय सांगितलाच नाही, उलट मलाच विचारलं.

“गार असताना लागलेला का गरम झाल्यावर?”

“गरम झाल्यावर. घाट चढून आल्यावर.”

“रेस दिल्यावर जातोय?”

“हो, लगेच जातो.”

“मग बंदच ठेवा. टोचन करून आणा.”

“पण रेस दिल्यावर जातो ना?”

“म्हणूनच सांगतोय, ताई.”

टोचन म्हणजे काय ते दोर बांधलेल्या गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग हाताला ऐकत नाही, आणि पुढच्या टेंपोचे ब्रेकलाइट लागले की आपण देवाचं नाव घेतो. बांबवडे गेलं, वाघबीळचा उतार आला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

शिवाजी उद्यमनगरात मी त्याआधी फक्त बँकेच्या कर्जवसुलीसाठी गेले होते. लेथचा आवाज, फाउंड्रीचा जळका वास, रस्त्यावरच काळ्या ओतीव तुकड्यांचे ढीग. नदीचं पाणी उसाला उचलून देणारी ऑइल इंजिनं ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या बनवली, त्या गावात गाडीच्या इंजिनाला कुणी घाबरत नाही. मिस्त्री साठीच्या घरातले. माझी गाडी आत ढकलून घेतल्यावर त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. आधी किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता. झारीचा दिवा लागला. “दिवा जिवंत हाय,” ते म्हणाले. मग खाली वाकून इंजिनाच्या अंगाला स्क्रू केलेल्या अंगठ्याएवढ्या सेन्सरची एकुलती एक वायर ओढून काढली. दिवा विझला. “वायर पण बरी हाय. कुठं घासून बॉडीला लागली असती तर विझला नसता.”

या दोन कृतींना एक मिनिटही लागलं नाही, आणि घाटमाथ्यावर फोन केलेल्यांपैकी कुणालाही त्या सुचल्या नव्हत्या. त्या सेन्सरमध्ये एक पडदा आणि एक स्प्रिंग असते, एवढंच. तेलाचा दाब नसेल तेव्हा स्प्रिंगने संपर्क जुळलेला असतो आणि दिवा पेटतो. दाब आला की पडदा ढकलला जातो, संपर्क तुटतो, दिवा विझतो. हा तोडजोडीचा आकडा साधारण पाच-सात पौंडांच्या आसपास असतो, म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड. मिस्त्री टायरच्या हवेसारखं नुसतं ‘पौंड’ म्हणतात. याचा अर्थ मला नंतर उमगला आणि चांगलाच अस्वस्थ करून गेला. चाळीस पौंड हवेत तिथे दहा असले, तरी हा दिवा गप्प असतो. तो कमी दाबाचा दिवा नाहीच. दाब जवळजवळ संपल्याचा दिवा आहे.

“मग सेन्सर बदलून बघायचा का?” मी विचारलं. दीर बरोबर निघाले तर किती बरं, असं मनात होतं.

“बदलायचा न्हाई, काढायचा. तिथं मीटर लावू.”

सेन्सर काढून त्याच आट्यांवर त्यांनी पितळी जोड बसवला. जोडाला रबरी नळी, नळीच्या टोकाला गोल काट्याचं मीटर. ते मीटर बॉनेटच्या कडेला अडकवलं आणि इंजिन सुरू केलं. काटा ताडकन अठ्ठावन्नावर. मला हायसं वाटलं. तसं म्हणालेही. मिस्त्री म्हणाले, “गार इंजिनचं प्रेशर कुणाचंबी चांगलंच असतंय. गरम झाल्यावर किती, ते बोला.”

बँकेतल्या सवयीने मी वहीत आकडे मांडायला घेतले. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून बंद होईपर्यंत आम्ही उभे होतो आणि काटा हळूहळू उतरत होता. चाळीस. तीस. वीस. गरम झाल्यावर मिस्त्रींनी रेस दिली. दोन हजार फेऱ्यांना काटा अठ्ठावीसवर गेला. तीन हजारांना अजून वर जायला हवा, तर तो चोविसावर आला आणि तिथे थरथरत राहिला. रेस सोडल्यावर थेट सहा, आणि मिस्त्रींनी लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. त्यांचा जुना हिशोब सोपा आहे, हजार फेऱ्यांमागे दहा पौंड. तीन हजारांना तीस तरी पाहिजेत. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक इंजिनाचा आपापला आकडा असतो आणि तोच खरा, हेही त्यांनी लगेच जोडलं.

मी चोविसावर गोल केला. ते बघून मिस्त्रींनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “बरोबर धरलंत. सहाला कारण एक हाय, चोविसाला दुसरं. एकाच वेळी दोन.”

इथे माझं डोकं पार गोंधळलं. पंपाने तेल ढकलायचं, पंप म्हातारा झाला की दाब कमी, एवढं माझं गणित होतं. तसं मी म्हटल्यावर मिस्त्रींनी कोपऱ्यात गाडी धुणाऱ्या पोराच्या हातातली पाण्याची नळी घेतली. तोंड मोकळं ठेवलं तर पाणी जवळच पडत होतं. अंगठ्याने अर्धं दाबलं तर समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. “नळ तेवढाच सोडलाय. पंप प्रेशर बनवत न्हाई ताई, पंप नुसता तेल ढकलतो. प्रेशर अडवल्यामुळं येतंय. बेअरिंगमधली फट म्हंजे हा अंगठा.”

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर तेलाची वाट काढून बघितली. खाली चेंबरमध्ये तेल साठलेलं. त्यात बुडालेली जाळी. जाळीतून पंप तेल ओढतो. माझ्या गाडीत पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसलाय, म्हणजे इंजिन जितकं जोरात फिरेल तितका तोही. पंपाला लागून रिलीफ व्हॉल्व्ह, स्प्रिंगने दाबून धरलेला एक छोटा दट्ट्या. दाब फार वाढला की तो मागे सरतो आणि जादा तेल परत सोडून देतो. मग फिल्टर, मग इंजिनाच्या अंगातून आरपार गेलेली मुख्य वाट. तिथून क्रँकच्या मेन बेअरिंगांना, क्रँकला आतून पाडलेल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना, आणि एक फाटा वर हेडमध्ये कॅमशाफ्टकडे. सगळीकडून झिरपून तेल पुन्हा चेंबरमध्ये. या वाटेवर कुठेही फट वाढली की तिथून तेल सहज निसटतं आणि दाब पडतो. इंजिन गरम असताना तेल पातळ आणि सावकाश फिरताना पंपही सावकाश, म्हणून दिवा नेमका सिग्नलला लागतो. उलट जाळी तुंबली असेल तर सावकाश फिरताना पंपाला पुरेसं तेल मिळतं, जोरात फिरायला लागला की मिळेनासं होतं आणि काटा थरथरतो. सहा आणि चोवीस या दोन आकड्यांमधलं भांडण आता निदान कळण्याइतपत झालं. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला असता तर गार असतानाही अठ्ठावन्न दिसले नसते, म्हणून त्याच्यावरचा संशय मी माझ्यापुरता काढून टाकला. मिस्त्रींनी तो काढला नव्हता. ते म्हणाले, उघडल्यावर बघू.

दुसऱ्या दिवशी तेल काढलं. चेंबरच्या खालचा बोल्ट सोडल्यावर ते धारेने पडलं नाही, ओघळलं. मिस्त्रींनी चिमटीत घेऊन बोटं फाकवली तर बारीक तार धरत होतं. “हे नुसतं ट्वेंटी-फिफ्टी पण न्हाई. घट्ट करायची बाटली ओतलीय कुणीतरी. गाडी कुणाकडनं घेतली?” मी नाव सांगायचं टाळलं. ज्याच्याकडून घेतली त्याने चहा पाजला होता, गाडीला हार घालून दिली होती.

माझ्या गाडीला १०डब्ल्यू-३० तेल लागतं. २०डब्ल्यू-५० किती घट्ट, ते मी आकड्यांत शोधून काढलं. शंभर अंश सेल्सिअसला तिसाच्या तेलाचा चिकटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो, पन्नासाच्या तेलाचा १६.३ ते २१.९. म्हणजे दीडपटीहून पुढे. तेवढं घट्ट तेल वाढलेल्या फटीतून उशिरा निसटतं, आणि काटा वर राहतो. “मग वाईट काय?” मी विचारलं. माझ्या सहकाऱ्याचा सल्ला हाच तर होता. मिस्त्री म्हणाले, “काटा खूश, बेअरिंग उपाशी. सकाळी गार असताना वर कॅमपर्यंत तेल जायला उशीर, आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून अर्धं तेल खालच्या खालीच परत.” दाब दिसतो, तेल कमी जातं. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं.

पुस्तकात सांगितलेलं नवं तेल, नवा फिल्टर. इंजिन गरम केलं. काटा चारवर!

मी पैसे खर्च करून दोन पौंड घालवले होते, आणि मिस्त्री खुशीत होते. “आता खरं दिसायला लागलं.” अशा आनंदात सामील होणं मला जमलं नाही. पण जुना फिल्टर त्यांनी टाकून दिला नव्हता. पत्रा कापायच्या कात्रीने त्याचं टिन गोल कापलं. शेजारच्या लेथवाल्याने हॅकसॉ पुढे केला तर त्याच्यावरच ओरडले, कारण करवतीचा किस आत पडला असता आणि मग इंजिनाचा कुठला अन्‌ करवतीचा कुठला हे कळलं नसतं. आतला घड्या घातलेला कागद उलगडून व्हाइसमध्ये पिळला आणि उन्हात धरला. काळ्या तेलात बारीक चमचम. लोहचुंबक फिरवला, एकही कण उचलला नाही. “लोखंड न्हाई. म्हंजे पंप किंवा कॅम खाल्लेला न्हाई. रंग बघा.” रंग तांब्याचा होता.

बेअरिंग म्हणजे मला गोळ्यांची बेअरिंग वाटायची, सायकलच्या चाकात असतात तशी. गाडीच्या क्रँकवर तसं काही नसतं. दोन अर्ध्या गोलाकार पातळ पट्ट्या असतात. पाठ पोलादाची, तिच्यावर तांबं-शिशाचा थर, आणि सर्वांत वर मऊ करड्या धातूचा अगदी पातळ थर. वरचा थर झिजला की खालचं तांबं दिसतं. फिल्टरमध्ये तांबं आलं म्हणजे करडा थर कुठेतरी संपला होता.

मग गाडी खड्ड्यावर घेतली. सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडला, चेंबरचे बोल्ट सोडले, आणि चेंबर खाली येईना. पॅकिंगच्या जागी कुणीतरी सिलिकॉन इतकं थापलं होतं की पातळ पट्टी आत घालून कापावं लागलं. चेंबर खाली आल्यावर माझ्यासारख्या अडाणी माणसालाही उलगडा झाला. बाहेरच्या कडेने जेवढं सिलिकॉन ओघळलेलं दिसत होतं, तेवढंच आतही ओघळलं होतं. आतलं तुटून तेलात पडलं आणि तेल सगळं एकाच ठिकाणी जातं, जाळीकडे. जाळीवर करड्या सिलिकॉनच्या शेवया आणि काळा गाळ यांचा लेप होता, निम्म्याहून अधिक भोकं बंद. थरथरणारा चोवीस तो हा.

मला वाटलं, झालं. जाळी धुवायची, चेंबर लावायचं, घरी जायचं. जाळी धुऊन झाल्यावर मिस्त्री मात्र चेंबर न लावता टॉर्चने वर बघत राहिले. “जाळीनं तीन हजाराचं भांडण मिटंल. चार पौंडाचं न्हाई मिटणार.”

कनेक्टिंग रॉडच्या टोप्या खालून उघडता येतात. प्रत्येक टोपीवर नंबर होता. ती त्याच रॉडला, त्याच दिशेने परत जायला हवी, म्हणून मिस्त्रींच्या पोराने चारही टोप्या फळीवर ओळीत मांडल्या आणि खडूने आकडे घातले. पहिली पट्टी करडी. दुसरी करडी, मध्ये एक पिवळट डाग. तिसरी उघडली तर अर्ध्याहून अधिक तांबूस. चौथीचा काठ तेवढा खाल्लेला.

इथे लेथवाल्या अण्णांना बोलावलं. ते मायक्रोमीटर आणि कागदाच्या पाकिटातला एक हिरवा दोरा घेऊन आले. त्या दोऱ्याने मला वेड लावलं. मेणासारखा मऊ, ठरलेल्या जाडीचा. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, आडवा ठेवायचा, टोपी लावून टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळायची, क्रँक जरासाही फिरू द्यायचा नाही, आणि पुन्हा उघडायचं. फट कमी असेल तर दोरा जास्त चेपून रुंद होतो. फट जास्त असेल तर कमी चेपतो. पाकिटावरच्या पट्टीशी रुंदी जुळवली की फट मिलिमीटरमध्ये कळते. हिरवा दोरा ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटरपर्यंत मोजतो. पहिल्या रॉडवर तो पट्टीच्या मधोमध बसला. तिसऱ्यावर पट्टीवरच्या सर्वांत अरुंद खुणेपेक्षाही अरुंद राहिला, म्हणजे मोजायच्या पलीकडे. अशा इंजिनात रॉडची फट ०.०२ ते ०.०५ असावी, ०.०८ ला गेली की बेअरिंग टाकायची. कागदाच्या जाडीइतकाही फरक नाही आणि तेवढ्यासाठी गाडी घाटमाथ्यावर दिवा दाखवत होती.

तेव्हा मला एक प्रश्न पडला आणि तो मी विचारलाच. तेल फक्त काही पौंडांनी तिथे पोचतं, आणि पेटलेल्या पेट्रोलच्या प्रत्येक धक्क्याला तो जर्नल पट्टीवर केवढ्या जोराने दाबला जात असेल. मग चाळीस पौंड असले तरी लोखंड लोखंडाला लागत कसं नाही? मिस्त्री म्हणाले, “लागतच न्हाई, तेलावर तरंगतंय.” का तरंगतं ते मात्र मी शोधून वाचलं. १८८३ साली लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर नावाचा माणूस रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर फिरत्या आसाने त्याच भोकातून तेल वर फेकलं. त्याने बूच लावलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग तिथे मीटर जोडलं, तर काटा दोनशे पौंडांच्या टोकाला जाऊन त्याहीपुढे जाऊ पाहत होता, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र शंभर पौंडच होता. फिरता आस स्वतःच तेल अरुंद फटीत ओढून घेतो आणि स्वतःला उचलतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं.

म्हणजे पंपाच्या दाबावर क्रँक तरंगत नाही. पंपाचं काम पुरवठ्याचं. फटीतून निसटेल त्याहून अधिक तेल सतत तिथे पोचलं पाहिजे, नाहीतर आसाला उचलायला काही उरत नाही आणि उष्णता वाहून न्यायलाही. तिसऱ्या रॉडपाशी फट वाढली, तिथून तेल पळालं, त्याचा दाब बाकीच्यांनाही कमी पडला. वरून तुंबलेली जाळी. आधी जाळी का आधी बेअरिंग, यावर मिस्त्री आणि अण्णा यांच्यात बराच वेळ वाद झाला. अण्णांचं मत जाळीने सुरुवात केली, कारण झीज तेल कमी पडल्यासारखी आहे. मला ते पटलं. मिस्त्री शेवटपर्यंत घट्ट तेलालाच शिव्या घालत होते.

निर्णय जर्नलवर होता. त्यावर ओरखडे असते तर क्रँक उतरवून ग्राइंड करावा लागला असता, मग पाव मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंग, म्हणजे अख्खं इंजिन खाली आणि मामेभावाचा आकडा. अण्णांनी तिसऱ्या जर्नलवरून नख आडवं फिरवलं. मग मला फिरवायला सांगितलं. नख कुठे अडकलं नाही. मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजलं, फरक शतांश मिलिमीटरच्या आतला. “पॉलिश करून स्टँडर्ड टाका,” अण्णा म्हणाले, आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

जागेवरच बारीक पॉलिश पट्टीने जर्नल घासून, पुसून, आठही अर्ध्या पट्ट्या नव्या घातल्या. तिसऱ्यावर हिरवा दोरा पुन्हा ठेवला. ०.०३८. पंपही उघडला, कारण चेंबर निघालंच होतं आणि टायमिंग बेल्टही बदलायला आला होता. पंपाचे दाते गुळगुळीत होते, रिलीफ व्हॉल्व्हचा दट्ट्या बोटाने दाबल्यावर सहज मागे जाऊन परत येत होता. माझा अंदाज बरोबर निघाला म्हणून मी मिस्त्रींकडे बघितलं, पण ते पुसण्यात गर्क होते. पंपात तेल भरून तो परत लावला. चेंबरच्या कडेला या वेळी सिलिकॉनची रेघ इतकी बारीक ओढली की मी विचारलं, गळणार नाही ना. “जाड लावलं की बाहेरनं छान दिसतंय,” मिस्त्री म्हणाले, “आतलं गिऱ्हाइकाला दिसत न्हाई.”

सुरू करायच्या आधी फिल्टरमध्येही तेल ओतलं, कॉइलची वायर काढली आणि नुसता स्टार्टर मारला. इंजिन पेटत नव्हतं, फक्त घुमत होतं. मीटरचा काटा शून्यावर. पुन्हा मारला, शून्य. मी श्वास रोखला. तिसऱ्या वेळी काटा हलला आणि वर चढला. मग वायर लावली. गार असताना बावन्न. पंखा दोनदा फिरून गेल्यावर तीन हजारांना चव्वेचाळीस, स्थिर, थरथर नाही. रेस सोडल्यावर चौदा.

मला वीस हवे होते. मिस्त्री म्हणाले, “मेन बेअरिंगा जुन्याच हाईत ताई. चौदा म्हंजे चौदा, बाटली न ओतता.” पाचशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा बदलायला सांगितलं, इंजिनात उरलेला कचरा निघून जावा म्हणून. तेव्हाही मीटर लावलं. चौदाच.

या सगळ्यानंतर मला एक वाईट सवय लागली आहे. कुणाच्याही गाडीत पुढे बसले की किल्ली फिरवताना माझी नजर झारीवर जाते. मध्यंतरी आमच्या शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या गाडीने महालक्ष्मीला निघालो होतो. त्यांनी किल्ली फिरवली, बॅटरीचा दिवा लागला, इंजिनचा लागला, झारीचा लागलाच नाही. मी म्हटलं, काका, तुमचा ऑइलचा दिवा गेलाय. ते म्हणाले, “अहो वहिनी, आमच्या गाडीत तो कधीच लागत नाही, इतकं इंजिन चांगलं आहे.” मी उतरून बॉनेट उघडायला लावलं. सेन्सर जागेवर होता आणि त्याची वायर काढून, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून, बाजूच्या पाइपाला नीट बांधून ठेवलेली होती. काकांनीही ती गाडी जुनीच घेतली होती. मी वायर परत लावू का विचारलं, मिस्त्रींचा नंबरही पुढे केला. काका बराच वेळ त्या टेपकडे बघत राहिले, मग बॉनेट खाली ओढत म्हणाले, “राहू दे वहिनी. दिवाळीनंतर विकायचीच आहे.”